पायराइट: नावाहूनचा घन की पेरूचा गुच्छ?

संग्रहासाठी पहिला चांगला पायराइट (सोन्यासारखं चमकणारं लोह-गंधकाचं खनिज) घ्यायचाय, पण स्पेनमधल्या नावाहून गावचा घन की पेरू देशातल्या वान्साला खाणीतला स्फटिकांचा गुच्छ, यावर एका मित्राचं घोडं अडलंय.

दिसण्यात नावाहूनला तोड नाही. घन इतका रेखीव की पाहणारा हमखास विचारतो, "मशीनवर कापलाय का?" भिंगाखाली बघा: पृष्ठावर बारीक समांतर रेघा दिसतात आणि शेजारच्या पृष्ठावर त्या काटकोनात वळतात. पेरूच्या गुच्छात बारा पंचकोनी पृष्ठांचे किंवा अष्टफलकी स्फटिक मिळतात, सोबत कधी क्वार्ट्‌झ, कधी स्फॅलेराइट (जस्ताचं खनिज). बघत बसावं असं बरंच काही.

खर्चात सुटा घन स्वस्त. करड्या खडकात रुतलेला मात्र महाग, आणि खरी गोम तिथंच. खडक फोडताना घन निखळतात, मग ते परत चिकटवतात. ते सांगून विकलं तर हरकत नाही, पण कडेला डिंकाची चकचकीत रेघ शोधाच. पेरूच्या गुच्छात तुटकी टोकं तपासा.

काठिण्य दोन्हींचं १ ते १० च्या मोह्‌स मापावर ६ ते ६.५, तरी पडलं की कोपरा उडालाच. दमट हवेत पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन पांढरट-पिवळी भुकटी आणि आम्ल तयार होतं, खालचं लेबलही खातं. नावाहूनचे घन यात सहसा दणकट. गुच्छाच्या सांध्यांत ओल राहते, म्हणून धुतल्यावर नीट वाळवा.

टेबलावर एकच देखणी वस्तू हवी किंवा मुलांना हाताळायला द्यायची असेल, तर सुटा घन. खनिजांची सोबत अभ्यासायची आणि कोरडं कपाट असेल, तर पेरू.