ऑफर द्यायच्या आधी स्वतंत्र व्हॅल्युअर लावला, पैसे वसूल झाले का?

घर पसंत पडलं की चर्चा लगेच मालकाने सांगितलेल्या आकड्यावर येते, त्यातून किती पाडून मागायचं, कोण म्हणतं दहा टक्के, कोण म्हणतं आधी पंधरा कमी सांगा मग बघू. आम्ही त्या टप्प्यावर एक स्वतंत्र व्हॅल्युअर (घराची किंमत काढून देणारा माणूस) लावला, म्हणजे मालकाचा नाही, एजंटचा नाही, बँकेचाही नाही, फी आमच्या खिशातून. ही सर्व्हिस घेणारे कमी दिसतात म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आवडलं ते हे की त्याने पहिल्याच फोनवर सांगितलं, मालकाचा आकडा मला आत्ता सांगू नका. कारण एकदम सॉलिड आहे. १९८७ मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी अमेरिकेत एजंटना एकच घर दाखवलं, माहितीही सगळ्यांना तीच दिली, फक्त मालकाची अपेक्षित किंमत वेगवेगळी सांगितली. ज्यांना मोठा आकडा सांगितला त्यांनी घराची किंमतही जास्त काढली, आणि त्या आकड्याचा आपल्यावर परिणाम झाला हे फार थोड्यांनी मान्य केलं. रोज घरं विकणाऱ्यांचं हे होतं तर आयुष्यात एखाद-दोनदा घर घेणाऱ्यांचं काय होत असेल! त्यामुळे 'किती पाडायचं' हा प्रश्न मी आता विचारतच नाही, आधी घराची किंमत स्वतंत्रपणे काढायची, मालकाचा आकडा त्याच्या शेजारी नंतर ठेवायचा.

रिपोर्टचा गाभा म्हणजे आसपास अलीकडे खरोखर झालेले व्यवहार, जाहिरातीतले आकडे नाहीत, कारण जाहिरातीत कोणी काहीही लिहितं. प्रत्येक व्यवहाराला त्याने फरक लावून दाखवले, त्या घराला पार्किंग आहे आणि आपल्याला नाही तर त्या घराच्या किमतीतून तेवढं वजा, आपलं घर जास्त उजेडाचं असेल तर तेवढं अधिक, जुना व्यवहार असेल तर त्याचं वजन कमी. शेवटी एकच आकडा न देता रेंज दिली. काहींना हे आवडणार नाही पण मला हेच प्रामाणिक वाटलं.

आता कमी काय ते. तो वरवर दिसतं तेवढंच बघतो, ओल आहे हे लिहिलं पण ती कुठून येते ते नाही, भिंतीतलं वायरिंग आणि पाइप तर नाहीच. त्यासाठी वेगळा माणूस आणून दुरुस्तीचा अंदाज घ्यावा लागला, आणि तो खर्च ऑफर ठरवताना धरायलाच हवा. कागदपत्रं वकिलाचं काम, ते यात येत नाही. घर फार वेगळ्या प्रकारचं असेल, आसपास तसे व्यवहारच नसतील तर रेंज इतकी मोठी येते की उपयोग कमी. आणि सौदा फिसकटला तरी फी गेली ती गेली.

रिपोर्ट एक गोष्ट मुळीच सांगत नाही, ती म्हणजे आपली वरची मर्यादा. ती आपणच बसून काढायची, हप्ता किती झेपतो, दुरुस्ती, सरकारी खर्च, सामान हलवणं, आणि एवढं सगळं होऊन हातात काही शिल्लक राहतं का. बँकेचं व्हॅल्युएशन सौद्याच्या किमतीपेक्षा कमी आलं तर बँक साधारणपणे कमी आकडाच धरते आणि वरचा फरक आपल्यालाच रोख भरावा लागतो, हे खूप जणांना शेवटी कळतं. मर्यादा कागदावर लिहून ठेवा असं मी कळकळीने सांगेन, कारण दोन-चार जण मागे लागले की बोली चढते, आणि अशा वेळी घर बऱ्याचदा त्यालाच मिळतं ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त फुगलेला असतो.

आम्ही ऑफर देताना रिपोर्टमधले सगळ्यात जवळचे तीन व्यवहार सोबत जोडले. मालकांना आकडा आवडला नाही, पण बोलणं 'अजून थोडं वाढवा'वर न अडकता त्या तीन घरांवर गेलं, आमचं घर त्यांच्यापेक्षा कुठे बरं आणि कुठे कमी यावर. किंमत रेंजच्या आत ठरली, आमच्या मर्यादेच्या खाली.

पाचपैकी चार. लावायच्या आधी तीन गोष्टी विचारा: रजिस्टर्ड आहात का, एजंटकडून कमिशन घेता का, आणि ज्या व्यवहारांवर किंमत काढली त्यांची यादी रिपोर्टमध्ये देणार का. यादी देत नसेल तर दुसरा बघा.