शवविच्छेदनापूर्वीचे सीटी स्कॅन : नागपुरातील एका शवागाराचा अनुभव

माझा मामेभाऊ वर्धा रोडवर दुचाकीसह दुभाजकावर आदळून जागीच गेला. पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा करून मृतदेह शहरातील ज्या रुग्णालयात नेला, तेथे शवविच्छेदनापूर्वी सीटी स्कॅन करतात. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे.

स्कॅनचे काम चोख झाले. पिशवीची चेनही न उघडता मृतदेह टेबलावर ठेवला आणि काही मिनिटांत डोक्यापासून पायापर्यंतचे चित्रण आटोपले. जिवंत माणसाच्या बाबतीत किरणांची मात्रा जपावी लागते, येथे ती अडचण नसल्याने चित्रे अधिक बारकाईने घेता येतात. डॉक्टरांनी पडद्यावर कवटी फिरवून दाखवली, तेव्हा उजव्या कानामागून निघालेली केसाएवढी बारीक भेग थेट कवटीच्या तळापर्यंत गेलेली दिसली. चेहऱ्याची आणि मानेची हाडे विच्छेदनात नीट उघडी करणे जिकिरीचे असते. तेथे स्कॅन उजवे ठरते, हे मला पटले. ही पद्धत स्वित्झर्लंडमधील बर्नमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. दिल्लीच्या एम्समध्ये ती २०२१ पासून वापरात आहे.

तक्रार आहे ती खिडकीवरच्या कर्मचाऱ्याविषयी. "आता चिरफाड होणार नाही," असे त्याने परस्पर सांगून टाकले आणि मामी हायशा झाल्या. दोन तासांनी विच्छेदन करावेच लागले, कारण भाऊ आदळून गेला की आधी हृदयविकाराचा झटका येऊन पडला, हा प्रश्न उरलाच होता. (विम्याची माणसेही पुढे नेमके हेच विचारणार होती.) साध्या स्कॅनमध्ये हृदयाच्या धमन्यांतले कॅल्शियम दिसले, पण ताजी गुठळी आहे की नाही हे त्यावरून सांगता येईना. मृत्यूनंतर रक्त फिरत नसल्याने त्यासाठी रंगद्रव्य पंपाने धमन्यांत सोडावे लागते आणि ती सोय येथे नाही. अखेर हृदय उघडले. गुठळी सापडली नाही. विष किंवा मद्य स्कॅनमध्ये दिसत नसल्याने व्हिसेराही (आतल्या अवयवांचे नमुने) तपासणीसाठी पाठवला गेला.

स्कॅनची सीडी घरच्या संगणकावर उघडत नाही आणि अहवाल इंग्रजीत असल्याने मामींना तो मलाच समजावून सांगावा लागला. एवढे सोसता येईल. मात्र "स्कॅननंतरही विच्छेदन होऊ शकते" ही एक मराठी ओळ त्या खिडकीवर लावायला कुणाची हरकत असू नये.