वचनांचा हिशेब ठेवणारी सेवा: ‘ओबामीटर’

निवडणुकीच्या तोंडावर एक मतदार ‘आमच्या पक्षाने करून दाखवले’ म्हणतो आणि दुसरा ‘तोंडाला पाने पुसली’ म्हणतो, तेव्हा दोघांकडेही कागद नसतो. नेत्यांची विधाने पडताळणाऱ्या अमेरिकेतील ‘पॉलिटिफॅक्ट’ या संकेतस्थळाची, ज्याला 2009 मध्ये पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार मिळाला, ‘ओबामीटर’ ही सेवा नेमका हा कागद पुरवते. बराक ओबामा यांनी दिलेल्या 500 हून अधिक आश्वासनांपुढे पाळले, तडजोड झाली, मोडले, रखडले असे शेरे तेथे दिले गेले. यांतील ‘तडजोड’ हा शेरा मला सर्वांत प्रामाणिक वाटला. तो कट्टर समर्थकालाही रुचत नाही आणि विरोधकालाही.

ग्वांतानामोचेच, म्हणजे क्युबातील अमेरिकी नौदल तळावर दहशतवादाच्या संशयितांना ठेवणाऱ्या तुरुंगाचेच, उदाहरण घ्या. जानेवारी 2009 मध्ये तेथील तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश निघाला, पण कैद्यांना अमेरिकेत हलवण्यासाठी लागणारा निधी काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) अडवला आणि आठ वर्षांनीही तुरुंग सुरूच राहिला. निष्ठावंत म्हणणार, अडवले दुसऱ्यांनी. नाराज मतदार म्हणणार, अडथळे ठाऊक नव्हते तर शब्द का दिला? (मला दुसऱ्याचे म्हणणे अधिक पटते.) एका शब्दाच्या शेऱ्यात हा वाद मावत नाही, त्यामुळे शेऱ्याखालचे टिपण वाचावेच लागते.

मोठी उणीव मोजणीची आहे: आरोग्यविम्याचा कायदा आणि एखादी किरकोळ घोषणा, दोन्ही एकेकच धरल्याने एकूण टक्केवारीवर विसंबणे धोक्याचे ठरते.