पॅराडाइज लॉस्ट की माय डाइंग ब्राइड? डूममध्ये शिरायचं तर कुठल्या दारानं

"डूम मेटल ऐकायचंय, एकच बँड सांग," असं कुणी म्हटलं की मी आधी उलट विचारतो, एका गाण्यासाठी किती वेळ काढशील? चार-पाच मिनिटं म्हणाला तर पॅराडाइज लॉस्ट. बारा म्हणाला तर माय डाइंग ब्राइड. यात थोडी चेष्टा आहे, पण फार नाही. डूम म्हणजे हेवी मेटलचा संथ, जड, उदास प्रकार.

दोन्ही बँड उत्तर इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशरचे. पॅराडाइज लॉस्ट १९८८ मध्ये हॅलिफॅक्सला सुरू झाला, माय डाइंग ब्राइड १९९० मध्ये ब्रॅडफर्डला. दोन गावांमध्ये जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. लोकरीच्या गिरण्यांवर मोठा झालेला आणि गिरण्या थंडावल्यावर सुस्तावलेला हा पट्टा. दोघांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड काढल्या ड्यूजबरीच्या पीसव्हिल या छोट्या कंपनीनं, आणि रेकॉर्डिंगही त्याच गावातल्या अकॅडमी स्टुडिओत. तिसरा भिडू लिव्हरपूलचा अनाथेमा. या तिघांना मिळून जाणकार 'पीसव्हिल थ्री' म्हणतात. अनाथेमाकडे शेवटी येतो, कारण त्याचं प्रकरण वेगळं आहे.

डूमचं मूळ अर्थात बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथमध्ये. त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी याच्या बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली, त्यानं टोकांना टोपणं लावली, पुढे तारा ढिल्या करून सूर खाली आणला, आणि त्या जड, संथ रिफमधून, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यातून, एक अख्खा प्रकार उभा राहिला. यॉर्कशरच्या या पोरांनी त्या संथपणावर डेथ मेटलचा ग्राउल चढवला, म्हणजे ती पोटातून येणारी घोगरी डरकाळी. डेथ-डूम म्हणतात ते हेच. इथपर्यंत दोघांची गोष्ट एकच आहे.

पॅराडाइज लॉस्ट: घर सोडलं आणि परत आला

पहिला अल्बम 'लॉस्ट पॅराडाइज', १९९०. खरं सांगायचं तर आज तो फक्त चाहत्यांनी ऐकावा. चिखलात रुतलेला आवाज आहे. पण पुढच्याच वर्षीचा 'गॉथिक' सुरू होतो आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांना काहीतरी सापडल्याचं लगेच कळतं. निक होम्सचा ग्राउल चालू असतो, मागून व्हायोलिनांचा थर चढतो, मध्येच एका बाईचा उघडा, स्वच्छ आवाज येतो, आणि या सगळ्यावरून ग्रेगर मॅकिंटॉशचं लीड गिटार रडत फिरतं. 'गॉथिक मेटल' हे नाव रुळलं त्यात या अल्बमचा मोठा वाटा आहे.

मॅकिंटॉशच्या गिटारवर जरा थांबायला हवं, कारण बँड ओळखायचा तर याच खुणेनं. तो सोलो फारसा वाजवत नाही, म्हणजे बोटांची कसरत दाखवत नाही. रिफच्या डोक्यावर एक साधीशी ओळ धरतो, तारेला किंचित ओढ देतो, सूर थरथरतो आणि लांबत जातो. गायक थांबला की ही ओळ पुढे येते, गायक आला की मागे सरकते, पण गप्प बसत नाही. बँडनं पुढे किती वेष बदलले, तरी ही ओळ कुठे ना कुठे ऐकू येते. १९९९ च्या अल्बममध्येसुद्धा, फक्त तिथे ती शोधावी लागते.

१९९२ च्या 'शेड्स ऑफ गॉड'नंतर १९९३ ला 'आयकॉन' आला, आणि होम्सनं ग्राउल सोडून दात-ओठ खात गायला सुरुवात केली. १९९५ चा 'ड्रॅकोनियन टाइम्स' हे त्या वाटेवरचं शिखर. पहिल्याच गाण्याची सुरुवात पियानोच्या एकट्या सुरांनी होते, मग गिटार कोसळतं, आणि तिथून पुढे एकही गाणं फुकट गेलेलं नाही. डूम न आवडणाऱ्यांनाही हा अल्बम आवडतो. काही कट्टर मंडळी म्हणतात की तोच त्याचा दोष. मला पटत नाही. चाल चांगली असणं हा गुन्हा कधीपासून झाला?

मग गाडी वळली. १९९७ च्या 'वन सेकंड'मध्ये की-बोर्ड पुढे आला, आणि १९९९ चा 'होस्ट', तोही ईएमआयसारख्या मोठ्या कंपनीकडून, जवळजवळ पूर्ण इलेक्ट्रॉनिक निघाला. डेपेश मोड या इलेक्ट्रॉनिक पॉप बँडच्या वळणाचा. होम्सनं केसही कापले होते, आणि मेटलच्या दुनियेत तेवढ्यावरूनही भांडणं होतात. चाहते भयंकर चिडले. आज निवांतपणे ऐकला तर 'होस्ट' वाईट अल्बम नाही, उदास पॉपचा बरा नमुना आहे. मॅकिंटॉश आणि होम्स यांनाही तो अजून प्रिय असावा, कारण २०२३ मध्ये दोघांनी त्याच नावानं वेगळा इलेक्ट्रॉनिक प्रकल्प काढला.

परतीचा प्रवास सावकाश झाला. २००७ च्या 'इन रिक्वीम'मध्ये जडपणा परत आला, पण ग्राउल यायला २०१५ चा 'द प्लेग विदिन' उजाडावा लागला. मध्यंतरी मॅकिंटॉशनं वडील गेल्यावर व्हॅलनफायर हा कच्चा, खरखरीत बँड काढला होता, आणि होम्स २०१४ पासून स्वीडनच्या ब्लडबाथमध्ये डेथ मेटल गात होता. जुनी हत्यारं अशी आधी बाहेर परजली गेली आणि मग घरात आली. २०१७ चा 'मेडुसा' तर सुरुवातीच्या दिवसांइतका संथ आहे. २०२० च्या 'ऑब्सिडियन'मध्ये मात्र ग्राउल, गॉथ, अकूस्टिक वाद्यांवरची कुजबुज असं सगळं एकाच ताटात वाढलंय. २०२५ मध्ये 'असेन्शन' आला. म्हणजे दुकान चालू आहे.

आणि माणसं? होम्स, मॅकिंटॉश, दुसरा गिटारिस्ट आरन एडी, बेसवर स्टीव्ह एडमंडसन. १९८८ ची चौकडी आजही तीच. बदलत राहिला तो फक्त ड्रमर. त्यांतला एक, फिनलंडचा वाल्टेरी व्हायरिनेन, पुढे स्वीडनच्या ओपेथ या बँडमध्ये गेला.

माय डाइंग ब्राइड: एकाच जागी खणत राहिला

इथे नकाशाच वेगळा. पॅराडाइज लॉस्टची कारकीर्द सांगायला वळणं मोजावी लागतात. माय डाइंग ब्राइडची सांगायला खोली.

पहिला अल्बम 'अॅज द फ्लॉवर विदर्स' १९९२ चा, खडबडीत. खरी ओळख १९९३ च्या 'टर्न लूज द स्वान्स'नं. त्याची सुरुवातच धाडसाची आहे: गिटार नाही, ड्रम नाही, फक्त पियानो, व्हायोलिन आणि आरन स्टेनथॉर्पचा बोलल्यासारखा आवाज. (हो, दोन्ही बँडमध्ये एकेक आरन. घोळ होतो.) मेटलचा अल्बम विकत घेतलेल्या माणसाला सात-आठ मिनिटं असं बसवून ठेवायला छाती लागते.

मार्टिन पॉवेलचं व्हायोलिन हे या बँडचं मॅकिंटॉश-गिटार म्हणायला हरकत नाही. ते सजावट म्हणून येत नाही, रिफच्या बरोबरीनं भांडतं. पॉवेल १९९८ मध्ये गेला, पुढे क्रेडल ऑफ फिल्थमध्ये दिसला, आणि बँड बरीच वर्षं व्हायोलिनशिवाय राहिला. २००९ च्या 'फॉर लाइज आय सायर'मध्ये ते परत आलं.

पण एकच गाणं ऐकायचं तर १९९५ च्या 'द एंजल अँड द डार्क रिव्हर'मधलं पहिलं, 'द क्राय ऑफ मॅनकाइंड'. बारा मिनिटांचं. मोजक्या सुरांचा एक तुकडा गिटारवर सुरू होतो आणि फिरत राहतो, फिरत राहतो. त्याखाली ड्रम बदलतात, रिफ येतात-जातात, गायक विनवणी करून थकतो, तो तुकडा तसाच. शेवटची काही मिनिटं गाणं संपलेलं असतं आणि तरी तुकडा चालूच, त्यावर धुक्यात हरवलेल्या बोटीच्या भोंग्यासारखा आवाज. मी हे पहिल्यांदा नीट ऐकलं ते पावसाळ्यात, पुण्याहून मुंबईला जाताना, गाडी खंडाळ्याच्या बोगद्यांत शिरत-निघत असताना. उजेड-अंधार, उजेड-अंधार, आणि कानात तो तुकडा. कर्जत आलं तरी मला कळलं नव्हतं. विलंबित ख्याल ऐकून वाढलेल्या कानाला या बँडचा संथपणा जड जात नाही, असा माझा अनुभव आहे. घाई नसलेल्या लयीत पुढच्या मात्रेची वाट बघण्यातलं सुख आपल्याला नवं नाही. साम्य तेवढंच, बाकी ताणून जुळवण्यात अर्थ नाही.

ग्राउलचा प्रवास इथेही आहे, पण छोटा. १९९५ आणि १९९६ च्या अल्बमांत स्टेनथॉर्प पूर्णपणे स्वच्छ गातो. १९९५ मध्येच त्यांना आयर्न मेडनच्या दौऱ्यात आधी वाजवायची संधी मिळाली. मेडनच्या उड्या मारायला आलेल्या गर्दीसमोर बारा मिनिटांचा शोक! १९९८ चा '३४.७८८%... कम्प्लीट' हा त्यांचा 'होस्ट', ट्रिप-हॉपच्या, म्हणजे संथ इलेक्ट्रॉनिक ठेक्यांच्या, वाटेला गेलेला. फरक असा की पॅराडाइज लॉस्ट तिकडे काही वर्षं राहिला. माय डाइंग ब्राइड पुढच्याच वर्षी 'द लाइट अॅट द एंड ऑफ द वर्ल्ड' घेऊन ग्राउलसकट घरी परत. २००१ चा 'द ड्रेडफुल अवर्स' मला त्यांच्या पहिल्या तिनात बसवावासा वाटतो.

त्यानंतर फार काही बदललं नाही, आणि ही तक्रारही आहे आणि कौतुकही. २००४ चा अल्बम लावा किंवा २०१५ चा 'फील द मिझरी', पाच मिनिटांत कळतं कुणाच्या घरात आलोय. काही अल्बम एकमेकांत मिसळतात. २००६ चा 'अ लाइन ऑफ डेथलेस किंग्ज' मला आजही गाण्यागणिक आठवत नाही. २०२० चा 'द घोस्ट ऑफ ओरायन' स्टेनथॉर्पच्या घरातल्या मोठ्या आजारपणानंतर आला आणि आधीच्यांपेक्षा सोपा, मोकळा निघाला. नवख्यानं अलीकडचं काही ऐकायचं तर हा.

इथे एक सावधगिरी. २०२४ च्या 'अ मॉर्टल बाइंडिंग'नंतर बँडनं कार्यक्रम रद्द केले, आणि २०२५ मध्ये मंचावर स्टेनथॉर्पच्या जागी फिनलंडच्या स्वॉलो द सनचा मिक्को कोटामाकी उभा राहिला. म्हणजे पहिल्या दिवसापासून अखंड असलेला आता एकटा गिटारिस्ट अँड्र्यू क्रेगन. हा आवाज आवडला तर प्रेम रेकॉर्डवर करावं लागेल, प्रत्यक्ष ऐकायची संधी बहुतेक हुकली.

शब्दांचं काय

गाणी ऐकताना शब्द वाचणारे असतात, त्यांच्यासाठी हा फरक महत्त्वाचा. होम्स कंजूस आहे. छोट्या ओळी, श्रद्धेविषयीचा संशय, कोरडा यॉर्कशरी तिरकसपणा. मुलाखतींत तर तो इतका विनोदी की उदास गाणी हाच लिहितो यावर विश्वास बसत नाही. स्टेनथॉर्प उलट: जुन्या वळणाची इंग्रजी, देव, देह, पाप, प्रेत, सगळं एका श्वासात. कधी भारावून टाकतो, कधी अंगावर येतं. मला पंचवीस वर्षांचा असताना स्टेनथॉर्प मोठा वाटायचा. आता होम्स जास्त पटतो, वय असावं.

आणि अनाथेमा

तोही १९९० चा, आणि १९९३ चा त्यांचा 'सेरेनेड्स' याच घराण्यातला. पण गायक डॅरन व्हाइट गेल्यावर गिटारिस्ट व्हिन्सेंट कॅव्हना गाऊ लागला आणि बँड डूममधून निघून गेला तो परत आलाच नाही. १९९५ च्या 'द सायलेंट एनिग्मा'मध्ये निरोप सुरू होतो, १९९९ च्या 'जजमेंट'मध्ये तो जवळजवळ पूर्ण होतो, २०१२ च्या 'वेदर सिस्टिम्स'मध्ये तर उजेडच उजेड. सुंदर संगीत आहे, पण 'डूम कुठून सुरू करू' या प्रश्नाचं उत्तर नव्हे. २०२० मध्ये बँड थांबला. ग्राउलची भीतीच वाटत असेल तर मात्र 'जजमेंट' हे मऊ दार आहे.

तर कुणी काय घ्यावं

मेटालिका, मेडन ऐकून आलेल्यानं सरळ 'ड्रॅकोनियन टाइम्स' लावावा. एका बैठकीत संपतो, चाली लगेच डोक्यात बसतात. तो आवडला तर मागे 'आयकॉन', पुढे 'ऑब्सिडियन'. 'होस्ट' पहिल्या पाचांत नको. डेपेश मोड किंवा द क्युअर आवडणाऱ्याला मात्र मी 'वन सेकंड'पासून सुरू करायला सांगेन, डूमकडे मग यथावकाश.

ओपेथची लांब गाणी पचवणारा, किंवा रात्री दिवे घालवून एक अल्बम सलग ऐकणारा असेल तर 'द एंजल अँड द डार्क रिव्हर'. 'टर्न लूज द स्वान्स' जास्त थोर आहे असं मलाही वाटतं, पण त्यात ग्राउल आणि स्वच्छ गाणं एकमेकांत गुंतलेलं आहे, नवख्याला दचकवतं. तो दुसऱ्या आठवड्यात. फोनच्या स्पीकरवर दोन्ही ऐकू नका. खालचे सूरच ऐकू येत नाहीत, आणि या संगीतात अर्धं घर तळमजल्यावर आहे.

माझं स्वतःचं मत मागाल तर रेकॉर्डचा एकूण हिशेब मांडला की पॅराडाइज लॉस्ट भारी पडतो: चुका केल्या, पण चुका ऐकण्याजोग्या केल्या. पण पाऊस लागला की हात जातो माय डाइंग ब्राइडकडे, आणि तेही बहुतेक वेळा त्याच बारा मिनिटांकडे.