६०६३ आणि ६०६१: अ‍ॅल्युमिनियम सेक्शन वर्षभर वापरल्यावर

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ट्रॉल्या आणि पॅकिंगची टेबलं बनतात. गेल्या दिवाळीपासून बऱ्याच चौकटी लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या करतो. टेबलांना ६०६३-टी५, ट्रॉल्यांना ६०६१-टी६. ६०६३ आणि ६०६१ हे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे नंबर; टी५, टी६ म्हणजे टेंपर, धातू उष्णता देऊन किती कडक केलाय ते. मधे एक पूर्ण पावसाळा गेला, माल महापे-रबाळ्याच्या कंपन्यांत रोज राबतोय.

६०६३ बद्दल तक्रार नाही. मॅग्नेशियम-सिलिकॉन बेताचं, त्यामुळे प्रेसमध्ये डायमधून (साच्याच्या भोकातून) दाबून काढताना खाचांचे सेक्शनही साफ उतरतात आणि अ‍ॅनोडायझिंग (वरचा संरक्षक ऑक्साइडचा थर) देखणं बसतं. टेबलाला एवढं पुष्कळ झालं.

खरी गंमत ६०६१ ची. यात मॅग्नेशियम जास्त, शिवाय थोडं तांबं. टी६ ला यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण, किमान २४० मेगापास्कल, ६०६३-टी५ ला ११०. म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे. पण एका डीलरकडून आलेला लॉट ड्रिल मारतानाच मऊ लागला, बुरी (भोकाच्या कडेचा कीस) चिकटून येत होती. वेबस्टर हार्डनेस टेस्टरचा चिमटा लावला तर काटा नेहमीपेक्षा बराच खाली. बिलावर फक्त ‘६०६१’, टेंपरचा पत्ता नाही! भट्टीतलं एजिंग (बेताच्या उष्णतेत काही तास ठेवून ताकद आणणं) न झालेल्या ६०६१-टी४ चं किमान यील्ड ११०च धरतात. म्हणजे भाव ६०६१ चा आणि ताकद ६०६३-टी५ ची. लॉट परत पाठवला.

नुसतं एजिंग करूनही भागत नाही. प्रेसमधून निघालेला तापलेला सेक्शन झटकन थंड झाला तरच मॅग्नेशियम आणि सिलिकॉन धातूत विरघळलेले राहतात. मग साधारण १७५ अंशांना काही तास ठेवल्यावर त्यांचे बारीक कण बनतात आणि ताकद येते. सावकाश थंड झाला तर कण आधीच जाडे होऊन बसतात, पुढे भट्टी फारसं काही करू शकत नाही. पातळ ६०६३ ला पंख्याची हवा पुरते, जाड ६०६१ ला पाणीच हवं. त्यामुळे आता टेस्ट सर्टिफिकेटवर रसायनाबरोबर टेंपर आणि यील्डचा आकडा असल्याशिवाय माल उतरवून घेत नाही.

लांब टेबल मधे वाकतं म्हणून एका गिऱ्हाइकाने ६०६१ चा हट्ट धरला होता. उपयोग शून्य. दोन्हींचा इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, सत्तर गिगापास्कलच्या आसपास, लोखंडाच्या साधारण तिसरा हिस्सा. झोल कमी करायचा तर सेक्शनची उंची वाढवा. आम्ही तेच केलं, आणि स्वस्तात.

वेल्डिंगचं मात्र मन मारावं लागतं. टिग वेल्डिंगचा टाका पडला की त्याच्या आसपास इंचभर पट्ट्यात टी६ ची ताकद उतरते, चांगलीच उतरते. म्हणून ट्रॉलीचे खांब बोल्टने जोडतो. बोल्ट स्टेनलेसचे, मधे नायलॉनचा वॉशर. खाडीच्या दमट हवेत तो नसेल तर जोडाशी पांढरी पूड धरते.