एप्रिलच्या सेलमधलं ट्रेकिंगचं सामान: पावसाळा आणि थंडी काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या एप्रिलच्या सेलमध्ये बूट, रेन जॅकेट, ४० लिटरची सॅक, ड्राय-फिट टीशर्ट, ट्रेक पँट आणि हेडटॉर्च असं बहुतेक सगळं सामान मी ऑनलाइन मागवलं. स्लीपिंग बॅग दिवाळीच्या सुमारास घेतली. मी नाशिकची. पावसाळाभर त्र्यंबकची डोंगररांग, इगतपुरीकडचे घाट, बारी गावातून कळसूबाई असं चालूच होतं, डिसेंबरात बागलाणात साल्हेर झाला. म्हणजे सामानाला पाऊस, चिखल आणि थंडी तिन्ही मिळालं. मॉडेलची नावं लिहीत नाही, कारण तेच नाव ठेवून कंपन्या दरवर्षी कापड आणि सोल बदलतात. तुम्ही घ्याल तेव्हा ती वस्तू तीच असेल याची खात्री नाही.

जॅकेटपासून सुरू करते, कारण पैसे तिथेच जास्त गेले. साइटवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं ‘५००० एमएम वॉटरप्रूफ’. म्हणजे कापडावर ५ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही. नुसत्या पावसाला हा आकडा पुरतो. पण सॅकचे पट्टे खांद्यावर दाबून बसतात, ओल्या कातळावर आपण बसतो, तिथे दाब वाढतो आणि पहिली ओल तिथेच येते. माझ्या जॅकेटचे खांदे जुलैअखेर ओले व्हायला लागले, बाकी कापड कोरडं होतं.

खरा प्रश्न मात्र आतल्या घामाचा. ‘ब्रीदेबल’ कापडातून वाफ बाहेर जाते ती आत ओलसर आणि बाहेर कोरडं असलं तर. जुलैत घाटमाथ्यावर ढगात चालत असताना बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, वाफ जाणार कुठे? चढावर अर्ध्या तासात आतून चिंब. ज्या कंपन्या हे आकडे छापतात त्यांच्या डोळ्यांसमोर थंड, कोरडे डोंगर असतात, आपला सह्याद्री नसतो. त्यामुळे एमएमचा आकडा थोडा कमी चालेल, पण काखेत चेन असलेलं जॅकेट घ्या. ती उघडली की वारा खेळतो आणि जीव वाचतो. भातलावणीच्या बायका इरलं घेतात, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची खोळ घेतात, त्यात हेच तर आहे: पाठीवर पाऊस नाही आणि पुढून मोकळं. वाकून काम करायला ते जमतं, शिडी चढायला नाही, म्हणून आपल्याला जॅकेट लागतं. पोंचोचं म्हणाल तर पठारावर ठीक. वारा सुटला की तो तोंडावर येतो, आणि कातळावर उतरताना स्वतःचे पाय दिसत नाहीत.

जॅकेट हातात आल्यावर पहिल्याच दिवशी उलटं करा. आतून प्रत्येक शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली हवी. काही जॅकेटांत ती फक्त खांद्यावर आणि टोपीला असते, साइटवर मात्र नुसतं ‘सीम सील्ड’ लिहून मोकळे. माझ्यात सगळीकडे होती, पण ऑगस्टमध्ये डाव्या बाहीची पट्टी नखाने ओढावी तशी सुटून आली. विक्रेत्याने हात वर केले, परत करायची मुदत मे महिन्यातच संपलेली. कंपनीची २ वर्षांची वॉरंटी होती. त्यांनी फोटो मागवले, बिल मागवलं आणि ‘नेहमीच्या वापरातली झीज’ म्हणून कळवलं. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर नवीन जॅकेट आलं, दुसऱ्या रंगाचं. रंगाबद्दल भांडले नाही. तेव्हा बिलाची पीडीएफ आणि वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच जपून ठेवा. ‘वॉरंटी २ वर्षं’ ही ओळ नंतर पानावरून गायब झालेली मी पाहिली आहे.

इथेच ऑनलाइन खरेदीची गोची आहे. सेल असतो एप्रिल-मेमध्ये, परत करायची मुदत आठ-दहा दिवसांची, आणि पाऊस येतो जूनमध्ये. ओली केलेली वस्तू परत घेत नाहीत. म्हणजे जे काही तपासायचं ते कोरड्यानेच तपासायचं: शिवणी, चेनचे रनर, बक्कल, टोपी डोक्याबरोबर वळते की डोळ्यांवर येते, हात वर केल्यावर कंबर उघडी पडते का. हे शेवटचं बायकांच्या जॅकेटात फार होतं. फिटिंग दिसावं म्हणून लांबी कमी ठेवतात आणि खिसे इतके उथळ की फोन अर्धा बाहेर. दुसऱ्यांदा मी सरळ पुरुषांच्या विभागातला लहान साइज मागितला आणि तो जास्त बरा बसतोय.

बुटांत मी मुद्दाम वॉटरप्रूफ घेतले नाहीत, आणि पावसाळ्यानंतर सांगते, तेच बरोबर होतं. आपल्याकडे ओढा गुडघाभर असतो. पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि वॉटरप्रूफ बुटातून ते बाहेर पडतच नाही. बरोबरच्या दोघांचे बूट संध्याकाळपर्यंत पचपच करत होते. माझ्या जाळीच्या बुटातून पाणी दहा पावलांत निघून जायचं आणि पंख्याखाली ते रात्रीत जवळजवळ वाळायचे. सोलचे दात ५ मिलिमीटरच्या आसपास आहेत आणि त्यांच्यात अंतर आहे, त्यामुळे लाल चिखल अडकून बसत नाही. शेवाळलेल्या कातळाबद्दल मात्र कुठल्याही जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. तिथे सगळे सोल सारखेच घसरतात. हरिहर गडाच्या कोरीव पायऱ्यांवर खोबणीत हात आणि सावध पाऊल, बूट दुय्यम.

साइजसाठी नंबरावर न जाता सेंटिमीटरचा तक्ता बघा. पाय संध्याकाळी मोजा, तेव्हा तो थोडा फुगलेला असतो, आणि ट्रेकचे जाड मोजे घालूनच मोजा. बूट आला की नाडी सैल ठेवून पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट जायला हवं. नाही गेलं तर उतारावर अंगठा पुढे आपटतो आणि नख काळं पडतं. टॅग न काढता जिन्यावर वर-खाली करा, टाच उचलली जाते का ते कळतं. मी एकदा अर्धा नंबर मोठा बदलून घेतला, कुरिअरवाला तक्रार न करता घेऊन गेला. किमतीचं एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या बुटांवर आणि कपड्यांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलं की १८. त्यामुळे २४९९ च्या पाट्या सगळीकडे दिसतात. आता २७००-२८०० चा बूट खरोखर तेवढा चांगला आहे का, हे दोनदा बघा.

सॅक उत्तम निघाली. तिचं रेन कव्हर मात्र नावापुरतं. पाऊस पाठ आणि सॅक यांच्या फटीतून ओघळतो आणि कव्हरच्याच तळाशी साचतो. एकदा कव्हर काढलं तर भांडंभर पाणी ओतून द्यावं लागलं. मी आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालते, कपडे आणि डबा तिच्यात, तोंड पिळून खाली दुमडलेलं. कव्हर आता घरीच असतं. कंबरेच्या पट्ट्याचं बक्कल सप्टेंबरमध्ये तुटलं, बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांनी तिथल्या तिथे दुसरं बसवून दिलं.

कपड्यांबद्दल थोडक्यात. पॉलिस्टरचे टीशर्ट झटकन वाळतात पण दुसऱ्या दिवशी वास मारतात, जादा एक न्यायचाच. पँट हलकी आणि पायाशी आवळता येणारी हवी, जळवा चिकटतात त्या भागात तर नक्कीच. जीन्स घालून येणाऱ्यांना आता मी काही बोलत नाही.

हेडटॉर्चवर ‘आयपीएक्स ४’ लिहिलंय. म्हणजे शिंतोडे चालतात, बुडवणं नाही. ‘आयपीएक्स ७’ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. माझी पावसात टिकली. पण धुक्यात कपाळावरची टॉर्च डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करते, तिथे ती हातात घेऊन कंबरेच्या खाली धरावी, मग वाट दिसते. हे कुठल्याही पानावर लिहिलेलं नसतं.

स्लीपिंग बॅगच्या जाहिरातीत सगळ्यात कमी तापमान मोठ्या अक्षरांत असतं. ते जीव कसाबसा तग धरेल असं तापमान, झोप लागेल असं नव्हे. ‘कम्फर्ट’चा आकडा शोधा, नसेल तर ती बॅग सोडा. साल्हेरच्या गुहेत थंडी वरून कमी आणि खालच्या दगडातून जास्त येत होती. बॅग साधी घेऊन उरलेले पैसे मॅटमध्ये घाला.

साइटवरच्या प्रतिक्रिया वाचताना पाच तारे सोडून द्या. ‘वेळेवर मिळाला, पॅकिंग छान’ हे कुरिअरचं कौतुक आहे. जुलै ते सप्टेंबरमधल्या, तीन ताऱ्यांच्या आणि चिखलाचे फोटो असलेल्या प्रतिक्रिया वाचा.

आणि सेलमध्ये बूट निम्म्या किमतीत दिसले तर खोकं आलं की आधी त्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा. सोलच्या मधला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत न वापरताही हळूहळू कुजतो आणि एखाद्या चढावर अख्खा सोल सुटून येतो. तीन-चार वर्षं गोदामात पडलेला जोड असेल तर परत पाठवा. जोड घरातला असेल तर पावसाळ्यानंतर वर्तमानपत्र कोंबून, वारा लागेल असा ठेवा, माळ्यावर बंद पिशवीत नको.