हँडलवरचा जीपीएस : मी पुलावर, बाण खाली

स्पेसिफिकेशन बॉक्सवर छापलेली आहेत, ती इथे पुन्हा टंकत नाही. दुचाकीला लावायचा हा छोटा जीपीएस मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतला. आज लिहायला बसलो कारण काल कंपनीची मेल आली : पहिलं वर्ष संपतंय, यापुढे नकाशे अपडेट हवे असतील तर वर्षाला १,४९९ रुपये भरा.

फोन का नाही लावत, हा प्रश्न येणारच. मोटरसायकलच्या मोठ्या इंजिनांची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकते, असं खुद्द ॲपलनेच २०२१ मध्ये ग्राहकांना बजावलं होतं. माझ्याकडे आयफोन नाही, पण जो आहे त्याचे हप्ते अजून चालू आहेत. शिवाय पावसाचे चार थेंब पडले की टचस्क्रीन मनाला येईल ते उघडत सुटते आणि एप्रिलच्या दुपारी फोन तापून मान टाकतो. या यंत्राला बटणं आहेत, हातमोज्यांतूनही दाबता येतात. उन्हात पडदा स्वच्छ दिसतो. पूर्ण पावसाळा बाहेर काढला, आत थेंब गेला नाही.

कौतुक झालं. आता पूल.

या यंत्राला उड्डाणपूल कळत नाही. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवे पूल-रॅम्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. नकाशात ते सगळे आहेत, म्हणजे नकाशा जुना असल्याची सबब चालणार नाही. तरी मी रॅम्पवर आणि बाण खाली हायवेवर! ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा.’ डावीकडे कठडा आहे हो. कठड्यापलीकडे हवा.

सर्व्हिस सेंटरच्या मुलाने शांतपणे ऐकलं आणि फॅक्टरी रीसेट मारलं. माझे साठवलेले सगळे मार्ग उडाले, बाण होता तिथेच. पुन्हा गेलो तर म्हणाला, ‘काका, सॅटेलाइटचा प्रॉब्लेम आहे, आमचा नाही.’ मी भडकलो, काउंटरवर दोन शब्द जास्तच बोललो. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं, पोरगा निम्मा तरी बरोबर होता.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटरवर असतात. किमान चार उपग्रहांचे सिग्नल किती वेळात पोचले यावरून यंत्र आपली जागा काढतं. आडव्या दिशेला उपग्रह चहूबाजूंना असतात, त्यामुळे इकडची चूक तिकडे सांभाळली जाते. उंचीच्या बाबतीत सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही, कारण मध्ये आख्खी पृथ्वी. म्हणून आडवी चूक पाच मीटर असेल तर उंचीतली सहज सात ते दहा मीटर होते. आपले उड्डाणपूलही साधारण तेवढेच उंच! बॉक्सवर ‘नाविक’ या आपल्या देशी उपग्रहप्रणालीचं नाव बघून मी छाती फुगवली होती. पण इस्रोचे ते उपग्रहही ३६,००० किलोमीटरवर, म्हणजे वरच. पुलाच्या कामाला तेही नाहीत.

निम्मा चुकला तो इथे : उपाय आहे. दर आठ-साडेआठ मीटर वर गेलं की हवेचा दाब जेमतेम एक मिलिबारने उतरतो आणि तेवढा फरक टिपणारा सेन्सर माझ्या जुन्या फोनमध्येसुद्धा होता. इथे नाही. कितीसे पैसे वाचवले असतील त्यात?

इथवर माझे दोन स्टार होते. पण त्या रीसेटने एक भलं केलं. सेटिंग पहिल्यापासून करताना ‘माहिती’च्या पानावर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘ओपनस्ट्रीटमॅप’ दिसलं. म्हणजे नकाशा कंपनीचा नाहीच! इंग्लंडमध्ये २००४ साली सुरू झालेला, जगभरच्या हौशी लोकांनी फुकट काढलेला नकाशा आहे हा. श्रेय दिलं की कोणीही वापरावा, विकावासुद्धा. आणि कोणीही दुरुस्त करावा.

आमच्या सोसायटीमागचा बोळ नाल्याच्या भिंतीला जाऊन संपतो. यंत्र मात्र मला तिथून आरपार न्यायचं. रात्री जेवणं झाल्यावर खातं उघडलं, उपग्रहाच्या फोटोवर बोळाची रेघ भिंतीपाशी तोडली, बोळाचं नाव मराठीत टाकलं. पुढच्या अपडेटनंतर यंत्राने मुकाट्याने मुख्य रस्त्याने नेलं. गाडी चालवताना एकटाच हसत होतो. दोनाचे चार स्टार झाले.

नदीपात्रातल्या बुटक्या भिडे पुलाच्या बाबतीत मात्र हात टेकले. रस्त्यावर पुराचं पाणी येतं, अशी नोंद करायची सोय त्या नकाशात आहे, पण हे यंत्र तसलं काही वाचत नाही. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला, पूल पाण्याखाली गेला, पोलिसांनी बॅरिकेड लावले, तरी बाण आपला सरळ डेक्कनकडे.

तर लोकांनी फुकट काढलेला, माझा बोळ मी सुधारलेला नकाशा, तो मलाच १,४९९ ला. फाईल बनवून पाठवायला त्यांनाही खर्च येत असेल, नाही म्हणत नाही. पण शंभर-दोनशे मागा ना! मी मेलला उत्तर लिहिलं : बोळाच्या कामाची मजुरी वळती करून उरलेलं बिल पाठवावे. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं लगेच आलं. बिल नाही आलं. यंत्रात केबलने फाईल टाकता येते आणि याच नकाशाच्या तयार फाईली लोक फुकट ठेवतात. मी तेच करणार. एक स्टार कापला, तीन राहिले.

स्कूटरवाल्यांनी घेताना एक बघा : सोबत येणारा क्लॅम्प मोटरसायकलच्या उघड्या हँडलचा आहे. आरशाच्या दांडीला लागणारा वेगळा विकतात, ६५० रुपयांना. घासाघीस केली तर दुकानदार पाचशेत देतो.